‘पाव’ शब्दाची सोयरीक

शब्दांच्या कुळकथा सांगण्याची हौस अलीकडे आमच्या सुशिक्षित कुटुंबांत बरीच वाढली आहे. हौस चांगली, परंतु पुरावा पाहण्याची संवय तिच्याबरोबर वाढलेली दिसत नाहीं. ‘पाव’ हा दोन अक्षरांचा शब्द घ्या. पावशेर आणि जुनी पावली यांतला पाव निराळा, न्याहारीचा पाव निराळा, आणि नवसाला पावणाऱ्या देवाचें पावणें तर अगदींच निराळें. तरीहि या परक्यांना एका मांडवाखालीं आणून सोयरीक जुळविणारे पंडित घरोघर भेटतात. एक म्हणतो, भट्टीवाले कणीक पायांनीं तुडवितात म्हणून तो पाव. दुसरा म्हणतो, चार एकत्र चिकटलेले निघतात, त्यांतला एक म्हणून तो पाव.

पहिल्या मताच्या आड मराठीच येते. संस्कृत ‘पाद’ शब्दाचे आपल्याकडे दोन वंशज झाले. अवयवाला आपण ‘पाय’ म्हणतों, चौथ्या हिश्शाला ‘पाव’. चतुष्पादाचा एक पाय म्हणजे चौथा भाग, या हिशेबानें तो अर्थ संस्कृतांतच आला होता. श्लोकाचा चतुर्थांशहि त्याच न्यायानें पाद झाला. ‘पाऊण’ म्हणजे पादानें ऊन. परंतु चालण्याच्या पायाला मराठी माणूस पाव म्हणत नाहीं. त्यासाठीं हिंदींतला ‘पाँव’ उसना आणावा लागतो. दुसऱ्या मताविषयीं इतकेंच विचारतों कीं, लादींत पाव चारच असावेत हा नियम कोणत्या भट्टीवर आहे? देवाच्या पावण्याचें मूळ ‘प्राप्’ धातूंत. पैसे पोंचल्याची पावती ही त्याच घरची लेक.

खाण्याचा पाव मात्र सरळ पोर्तुगीजांचा. त्यांनीं १५१० सालीं गोवें घेतलें. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होती. गोव्यांत माडीनें पीठ आंबवून पाव भाजणाऱ्यास अजूनहि ‘पोदेर’ म्हणतात, तेंहि नांव त्यांच्याच भाषेचें. बंगाल्यांची ‘पाउरुटी’ याच गोताची. इतकेंच काय, जपानी लोक पावाला ‘पान’ म्हणतात, कारण पोर्तुगीज तेथें १५४३ सालीं पोंचले. जपानांत काय पावशेराचें माप चालत होतें?

आमचा रोष निव्वळ अज्ञानावर नाहीं. पायांनीं तुडविल्याची ही कथा निरागस नव्हे. पाव भाजणारा बहुधा ख्रिस्ती किंवा मुसलमान, आणि त्याच्या हातचें खाणें म्हणजे बाटणें, ही समजूत आमच्या पणज्या-आज्यांच्या काळीं दृढ होती. विहिरींत पाव टाकून गांवें बाटविल्याच्या दंतकथा वसईकडे प्रसिद्ध आहेत. पुण्यांत १८९० सालीं पंचहौद मिशनमधील चहावरून टिळक-रानड्यांसारख्यांच्या मागेंहि ग्रामण्य लागलें! तो विटाळ गेला, पाव ताटांत आला. पण किळस तेवढी व्युत्पत्तीचें सोंग घेऊन उरली, आणि ती आम्ही मुलांस विद्या म्हणून शिकवितों. कोठें कोणीं कणीक पायांनीं तुडविलीहि असेल. त्यानें नांवाचें मूळ सिद्ध होत नाहीं.

परका शब्द घरांत नको, असेंहि कोणी म्हणेल. मग ‘पगार’, ‘लिलाव’, ‘हापूस’ यांचें काय करावयाचें? पहिल्या तारखेस पगाराचें पोर्तुगीज मूळ कोणास बोंचल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

ज्यांस आमचें म्हणणें मान्य नसेल त्यांनीं पोर्तुगीज येण्यापूर्वींच्या एखाद्या मराठी ग्रंथांत किंवा पत्रांत रोटीच्या अर्थीं ‘पाव’ दाखवून द्यावा. आम्ही तो उतारा याच पानांवर आनंदानें छापूं.