दाब वाढवून काय मिळतं?

भाऊबीजेला आता भाऊ नाही, पण भावाची गाडी मात्र मला न्यायला येते. 2002 सालची होंडा सिटी, व्हीटेक. दौंडमध्ये त्या वेळी तिचं केवढं कौतुक! दीड लिटरचं इंजिन आणि शंभराच्या वर हॉर्सपॉवर. आमच्याकडे स्पोर्ट्स कार म्हणायची तर तीच. आता ती भावाच्या नातवाच्या ताब्यात आहे आणि त्याचा जीव तिच्यात आहे.

गेल्या भाऊबीजेला शिरूरहून निघालो. न्हावऱ्याच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस लागला की मला हमखास डुलकी लागते. त्या दिवशी नाही लागली, कारण पारगाव ओलांडलं आणि गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला. चौफुल्याला बॉनेट उघडून पाहिलं तर इंजिनाजवळच्या एका रबरी नळीच्या जोडावर ओल होती.

"आजी, थोडंसंच आहे."

"पेट्रोल थोडं असलं तरी पेट्रोलच रे बाबा!"

गाडी तिथेच ठेवली आणि पुढे एस.टी.ने गेलो. वाटेत त्याने त्याचा बेत सांगितला. नाहीतरी इंजिनाला हात लावायचाच आहे, तर जुना प्रेशर रेग्युलेटर काढून स्क्रूने कमी-जास्त करता येणारा बसवायचा, आणि पेट्रोलचा दाब तीन बारवरून चारवर न्यायचा. गाडी म्हणे पळेल!

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. बार म्हणजे काय ते मला आमच्या विज्ञानाच्या सरांना फोन करून विचारावं लागलं. ते म्हणाले, दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या टाकीखाली नळाला जो दाब मिळतो तो साधारण एक बार. म्हणजे त्या बोटभर नळीत तीस मीटर उंच टाकीचा दाब असतो! मग चौफुल्याची ती ओल आठवून अंगावर काटा आला.

समजलं ते असं. टाकीतला पंप गरजेपेक्षा जास्तच पेट्रोल पुढे ढकलतो. रेग्युलेटरमध्ये स्प्रिंग लावलेला एक पडदा असतो. दाब ठरलेल्या मर्यादेवर गेला की पडदा मागे सरकतो आणि जादा पेट्रोल परत टाकीत जातं. पडद्याच्या दुसऱ्या बाजूला इंजिनाच्या हवेच्या वाटेवरून एक बारीक नळी येते. इंजिन जेवढं ओढत असेल त्या मानाने दाब खाली-वर होतो आणि इंजेक्टरच्या दोन बाजूंमधला फरक कायम राहतो. इंजेक्टर किती वेळ उघडायचा एवढंच गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. दाब कायम आहे, या विश्वासावर त्याचा सगळा हिशेब चालतो.

आता आमच्या नातवाचं गणित. तीनचे चार केले म्हणजे दाब एकतृतीयांशाने वाढला, पण पेट्रोल तेवढं वाढत नाही. ते वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे साधारण 15 टक्के. आणि हवा? ती होती तेवढीच! ताकद हवा आणि पेट्रोल दोन्ही मिळून येते. नुसतं पेट्रोल वाढवलं की काळा धूर निघतो, प्लग काजळतात, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल धुऊन जातं. सावकाश चालवताना तर कॉम्प्युटर धुरातला ऑक्सिजन मोजून जादा पेट्रोल आपणहून कमी करतो. मग मिळालं काय?

नातू हुशार आहे. म्हणाला, "आजी, आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे. त्याला इंधन जास्त लागतं. मग दाब वाढवायला नको?"

हा मुद्दा खोटा नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या गाड्यांचं ॲव्हरेज सहा-सात टक्के घटेल, असं नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच म्हटलं होतं. पण एवढा फरक कॉम्प्युटर बराचसा सांभाळून घेतो. खरी अडचण रबराची आहे. या मिश्रणाला टिकतील असे भाग एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांत आले. आमची गाडी त्याच्या वीसेक वर्षं आधीची. नळ्या जुन्या, पडदा जुना, त्यातून नवं इंधन, आणि वर दाबही वाढवायचा? ज्या उसामुळे आमच्या दौंड-शिरूरच्या घरांवर स्लॅब पडले, त्याच उसाचं इथेनॉल आता आमच्या जुन्या नळ्यांची परीक्षा घेतंय. तक्रार उसाबद्दल नाही. जुन्या गाडीवाल्यांना हे कोणी नीट समजावून सांगितलं नाही, याबद्दल आहे.

माझा भाऊ रेल्वेतला. वाफेच्या इंजिनाच्या सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावणाऱ्याचा त्याला फार राग. अमेरिकेत 1831 साली एका फायरमनने वाफेच्या आवाजाला कंटाळून तो व्हॉल्व्ह दाबून धरला आणि 'बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन' नावाच्या इंजिनाचा बॉयलर फुटला. मोकळं सोडण्यासाठी जे केलेलं असतं, ते अडवायचं नसतं.

सुधारणा करूच नये असं मी म्हणत नाही. टर्बो बसवून हवा वाढवली, तर पेट्रोलही वाढवावंच लागतं. ते काम मीटर लावून, मोजून करणारे लोक आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचना बदलण्याबद्दल काय सांगतं, तेही आधी वाचावं. पण काही न मोजता केवळ स्क्रू पिळायचा, ही सुधारणा नव्हे.

शेवटी तडजोड झाली. आधी गेज लावून दाब मोजायचा, मग बोलायचं. मोजला तर दाब मुळातच कमी-जास्त होत होता. पडदा थकलेला. मूळ मापाचाच नवा रेग्युलेटर, इथेनॉलला टिकणाऱ्या नव्या नळ्या आणि नव्या क्लिपा, एवढंच केलं. ॲडजस्टेबल रेग्युलेटरसाठी त्याने साठवलेल्या पैशांत ते बसलं आणि थोडे उरलेही. नातू म्हणतो, गाडी आता पहिल्यासारखी ओढते. "पहिल्यासारखी" म्हणजे कशी, हे त्याला कुठून ठाऊक असणार? गाडी घेतली तेव्हा तो पाळण्यात होता. पण मला ठाऊक आहे, आणि तो म्हणतो ते खरं आहे.

असो. तुमच्या दारात अशी जुनी गाडी असेल, तर ताकद वाढवायचा विचार नंतर करा. आधी बॉनेट उघडून नळ्यांवरून नजर फिरवा आणि वास घ्या.