नावाचा सातबारा कोणाच्या नावे?

उझी निसान हे मूळचे इस्रायलचे गृहस्थ. हिब्रू पंचांगात निसान नावाचा महिना आहे. तेच त्यांचे कुलनाम. अमेरिकेत स्थायिक झाल्यावर १९८० साली त्यांनी स्वतःच्या नावाने व्यवसाय सुरू केला. निसान ही जपानी कंपनी त्या वेळी अमेरिकेत आपल्या मोटारी ‘डॅटसन’ या नावाने विकत होती. पुढे १९९४ साली त्यांनी आपल्या संगणक व्यवसायासाठी ‘निसान डॉट कॉम’ हे नाव रीतसर नोंदविले. त्यानंतर पाच वर्षे लोटली. डिसेंबर १९९९ मध्ये कंपनीने त्यांच्यावर एक कोटी डॉलरचा दावा ठोकला.

वाडवडिलांकडून आलेले नाव स्वतःच्या दारावर लावणे हाही आता अपराध झाला काय?

निसान यांच्या हातूनही एक चूक घडली होती, हे नाकारण्याचे कारण नाही. १९९९ मध्ये त्यांच्या संकेतस्थळावर मोटारींच्या जाहिराती झळकल्या आणि तेवढ्यापुरता कंपनीचा आक्षेप न्यायालयाने ग्राह्य धरला. परंतु खालचे न्यायालय तेथेच थांबले नाही. कंपनीविषयी प्रतिकूल मजकूर या स्थळावर असू नये, एवढेच नव्हे, तर असा मजकूर जेथे आहे तेथे जाण्याचा दुवाही देऊ नये, असा हुकूम सुटला! व्यापारचिन्हाच्या रक्षणासाठी सुरू झालेला दावा टीकाकाराचे तोंड बंद करण्यापर्यंत पोहोचला तो असा. २००४ साली अपील न्यायालयाने भाषणस्वातंत्र्याचा आधार घेऊन तो हुकूम रद्द केला. २०२० साली निधन होईपर्यंत ते नाव निसान यांच्याच हाती राहिले. मात्र त्यासाठी लक्षावधी डॉलर आणि उमेदीची वर्षे खर्ची पडली.

व्यापारचिन्हाचा कायदा मुळात ग्राहकाची फसगत होऊ नये म्हणून आहे. दुसऱ्याच्या नावलौकिकावर पोळी भाजून घेणारे भामटे या मायाजालात थोडे नाहीत आणि त्यांची गय करण्याचे काहीच कारण नाही. ‘सिफी’ आणि ‘सिफ्फी’ या दोन नावांच्या वादात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मे २००४ मध्ये संकेतस्थळाच्या नावालाही व्यापारचिन्हासारखेच संरक्षण दिले, ते योग्यच झाले. प्रश्न भामट्यांचा नाही. बलाढ्य कंपन्या शब्दालाच आपली वडिलोपार्जित जमीन समजू लागल्या आहेत, हा खरा प्रश्न आहे.

अशा नावांच्या तंट्यांसाठी १९९९ साली आंतरराष्ट्रीय लवादाची व्यवस्था निर्माण झाली. तक्रारदाराने शुल्क भरायचे आणि समोरच्याने वीस दिवसांत उत्तर द्यायचे. नाव बळकावण्यासाठीच खोटी तक्रार केली, असे लवादाला आढळले तर? तसा शेरा निकालपत्रात नोंदविला जातो. दंड मात्र एका दमडीचाही नाही. शेऱ्याने कोणत्या धनाढ्य कंपनीची झोप उडणार आहे?

आणि यात केवळ परकीय कंपन्याच आहेत असेही नाही. ओडिशातील धामरा बंदरामुळे ऑलिव्ह रिडले कासवांना धोका आहे, असा आक्षेप घेणाऱ्या ग्रीनपीसने टाटांच्या चिन्हाचा वापर करून एक संगणकीय खेळ प्रसारित केला. टाटा सन्सने दिल्ली उच्च न्यायालयात दहा कोटी रुपयांचा दावा लावला. ग्रीनपीसच्या हेतूंविषयी या देशात अनेकांच्या मनात शंका आहेत आणि त्या निराधार म्हणता येणार नाहीत. तरीही जानेवारी २०११ मध्ये न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी अंतरिम मनाई हुकूम नाकारला, तो निर्णय स्वागतार्हच मानला पाहिजे. चिन्ह वापरून माल विकणे वेगळे आणि चिन्ह दाखवून टीका करणे वेगळे. उद्योगसमूह स्वदेशी आहे आणि टीकाकार परका, म्हणून हा भेद पुसता येत नाही. आज तो पुसला, तर उद्या एखाद्या बहुराष्ट्रीय शीतपेयाविरुद्ध पत्रक काढणाऱ्या गावातल्या कार्यकर्त्याच्या हाती त्याच कलमाखाली नोटीस पडेल.

नोटिशीचा धाक हेच तर या व्यवहारातले खरे शस्त्र. निकालापर्यंत प्रकरण जातेच कुठे? सांगली-जळगावच्या दुकानदाराला किंवा छोट्या प्रकाशकाला वकिलाचा कागद आला की त्याचे अवसान गळते. त्यातून दावा दिल्लीत लागला, तर प्रवासखर्चानेच तो खचावा. फिर्यादीला आपल्या कार्यालयाच्या ठिकाणी दावा लावता येतो, या सवलतीचा असा दुरुपयोग वर्षानुवर्षे चालला होता. जेथे कंपनीचे मुख्य कार्यालय आहे आणि वादाचे कारणही घडले आहे, ते ठिकाण सोडून केवळ शाखा आहे म्हणून दूरच्या शहरात प्रतिवादीला खेचता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली संजय दालिया प्रकरणात बजावले. त्या प्रकरणातील चित्रपटगृहे महाराष्ट्रातली, फिर्यादीचे मुख्य कार्यालय मुंबईत आणि दावा मात्र दिल्लीत!

१९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात सामान्य माणसाच्या हाती दिलेली दोन साधने आहेत, पण ती किती जणांना ठाऊक आहेत? कलम ३५ प्रामाणिकपणे स्वतःचे नाव वापरणाऱ्याला संरक्षण देते. कलम १४२ तर निराधार धमकी देणाऱ्याविरुद्धच दावा लावण्याचा आणि नुकसानभरपाई मागण्याचा अधिकार देते. मात्र याच १४२ व्या कलमात एक मेख मारून ठेवली आहे. नोंदणीकृत चिन्हाच्या मालकाने वेळेत उल्लंघनाचा दावा दाखल करून तो चालविला, की धमकीविरुद्धची ही तरतूद लागूच होत नाही. म्हणजे ज्याच्यापाशी दावा चालविण्याइतका पैसा आहे, त्याला धमकीचा जाब द्यावा लागत नाही. संसदेने हे पोटकलम पुन्हा एकदा तपासावे.