रेजेक्स : वाचाल तर वाचाल

रेग्युलर एक्सप्रेशन (यापुढे रेजेक्स, टायपायचा कंटाळा!) या विषयावर आम्हा प्रोग्रामर मंडळींत दोन तट आहेत. एक म्हणतो, "एका ओळीत काम झालं ना, अजून काय पाहिजे?" दुसरा ती ओळ बघूनच खुर्ची मागे सरकवतो. प्रॉडक्शन कोडपुरता मी पहिल्या तटात. पण टेस्टमध्ये? तिथे मी पक्का दुसऱ्या तटातला, आणि आज त्याचीच वकिली करणार आहे.

टेस्ट वाचायची वेळ कधी येते ते बघा. हिरवी असताना तिला कोणी उघडत नाही. ती उघडली जाते लाल झाल्यावर, तेही बहुधा रिलीजच्या दिवशी आणि ती लिहिणारा कंपनी सोडून गेल्यावर. उघडणाऱ्यापुढे प्रश्न एकच असतो : कोड चुकलाय की टेस्ट? आणि समोर काय, तर साधे कंस, चौकोनी कंस, महिरपी कंस, उलट्या रेघा आणि मध्येच एक प्रश्नचिन्ह, जे बहुतेक वाचणाऱ्याच्या मनातलंच असावं :)

मग माणूस काय करतो? एका प्रोजेक्टवर पाहिलेलं सांगतो. इनव्हॉइसच्या टेस्टमध्ये खरेदीदाराच्या जीएसटी क्रमांकाचं एक लांबलचक रेजेक्स होतं. कुठेतरी फॉरमॅटिंग बदललं आणि टेस्ट फेल गेली. टीममध्ये नुकत्याच आलेल्या पोराने अर्धा तास झटापट केली आणि शेवटी त्या सगळ्याच्या जागी टाकलं .* म्हणजे 'काहीही चालेल'. टेस्ट हिरवी, सगळे घरी. पुढे त्या इनव्हॉइसवर क्रमांकाच्या जागी नुसती रिकामी जागा छापली जायला लागली. टेस्ट हिरवीच! कारण .* ला रिकामी स्ट्रिंगही गोड लागते. शेवटी बोंब मारली ती ग्राहकाच्या अकाउंटंटने, त्याचं इनपुट क्रेडिट अडकल्यावर. मी त्या पोराला दोष देत नाही. जे वाचता येत नाही ते माणूस दुरुस्त कसं करणार? काढूनच टाकणार.

आता तोच जीएसटी क्रमांक घेऊ. एकूण १५ अक्षरं. पहिले २ अंक राज्याचा कोड (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढची १० म्हणजे पॅन, मग त्या पॅनवर त्या राज्यातली कितवी नोंदणी ते दाखवणारं एक, मग सर्वसाधारणपणे झेड, आणि शेवटी तपासणीचं एक अक्षर. पॅन म्हणजे परत ५ अक्षरं, ४ अंक, १ अक्षर. हे तुम्ही आत्ता एका दमात वाचलंत आणि समजलंही. मग कोडमध्ये असंच लिहायला कोणी अडवलंय? राज्यकोड, पॅन, नोंदणी, तपासणी अशा नावांची छोटी व्हेरिएबल्स करा, प्रत्येकात चिमूटभर रेजेक्स, आणि शेवटी ती जोडा. पायथनवाल्यांना व्हर्बोज मोड आहे, पर्लवाल्यांना तर १९९४ पासून एक्स फ्लॅग आहे. त्यात तुकडे वेगवेगळ्या ओळींवर लिहून शेजारी कमेंटही टाकता येते. (फक्त त्या मोडमध्ये साधी स्पेस गायब होते हे लक्षात ठेवा, नाहीतर नवीनच डोकेदुखी.)

"वर एक कमेंट लिहिली की झालं ना?" असं कोणीतरी म्हणणारच. नाही झालं. कमेंट रन होत नाही आणि रेजेक्स बदललं की ती तशीच मागे राहते. त्यापेक्षा शेजारी चार चालणाऱ्या आणि सहा न चालणाऱ्या स्ट्रिंग्ज ठेवा आणि त्यांची टेस्ट करा. न चालणाऱ्या जास्त महत्त्वाच्या. वरच्या .* ला त्यांनी पहिल्याच मिनिटाला पकडलं असतं.

गंमत म्हणजे पायथन ३ मध्ये अंकासाठी वापरतो ते बॅकस्लॅश-डी '27' ला जसं हो म्हणतं तसंच आपल्या देवनागरी '२७' लाही. मराठी माणूस म्हणून मला आनंदच झाला, पण जीएसटी क्रमांकात ते नकोय. तिथे सरळ [0-9] लिहा, वाचायलाही सोपं.

अजून एक खटकणारी गोष्ट म्हणजे फेल झाल्यावर येणारा मेसेज. अख्खं रेजेक्स असर्ट-ट्रूमध्ये कोंबलं की उत्तर मिळतं : अपेक्षित ट्रू, मिळालं फॉल्स. अरे पण कुठे? कशात? तेच नावं दिलेल्या ग्रुप्सनी क्रमांक आधी सुटा केला आणि एकेक तुकडा तपासला, तर मेसेज येतो की राज्यकोड 27 हवा होता, 72 आला. बग तिथेच सापडला.

पण खरं सांगू? बऱ्याच टेस्टमध्ये रेजेक्सची गरजच नसते. इनपुट आपणच दिलेलं असतं, म्हणजे आउटपुट काय येणार ते आपल्याला अक्षरन् अक्षर माहीत असतं. मग सरळ बरोबर-चिन्हाने तुलना करा की! तारीख-वेळ बदलते म्हणून रेजेक्स लावता? टेस्टपुरतं घड्याळ गोठवा. एरर मेसेज तपासताय? पायटेस्टमध्ये रेझेसला मॅच म्हणून दिलेली स्ट्रिंगही रेजेक्सच असते. मेसेजमध्ये '(रु.)' असेल तर ते कंस ग्रुप होऊन बसतात आणि टेस्ट विनाकारण फेल जाते. तिथे एस्केप फंक्शन वापरा, की साधी स्ट्रिंग साधीच राहते.

आणि जीएसटी क्रमांकाचं ते शेवटचं अक्षर? ते आधीच्या १४ वरून गणित करून काढलेलं असतं. जगातलं कुठलंही लांबलचक रेजेक्स लिहिण्यापेक्षा तिथे दहा ओळींचं साधं फंक्शन लिहा, आणि त्याला त्याची वेगळी टेस्ट.