काचपेटीतला मांगूर विहिरीत सोडू नका

मागच्या पावसाळ्यात एका स्नेह्याच्या वस्तीवर मुक्काम पडला होता. ओसरीवर काचेची पेटी आणि तीत थोरल्या पोराने पाळलेले दोन मांगूर. दिवसभर मिशा हलवीत तळाशी पडून राहायचे, कोंबडीच्या आतड्याचा तुकडा टाकला की झडप घालायचे. विकणाऱ्याने ‘हायब्रीड आहेत, झटपट वाढतात’ म्हणून दिलेले. रात्रभर पावसाची झड होती. पहाटे वहिनी उठल्या तर एक मासा अंगणात, थेट खुराड्याजवळ, आणि चांगला जिवंत! झाकण चार बोटे सरकले होते, तेवढे त्याला पुरले. पोर म्हणाले, ‘काका, याला विहिरीत सोडू का? तिथं मोकळा राहील.’ त्या प्रश्नापायी हे लिहितो आहे.

हायब्रीड म्हटले की आपले मन लगेच पाझरते, आणि त्यात गैर काही नाही. १९६४ साली सीएसएच १ ही संकरित ज्वारी आली आणि पुढे कणगी कशी भरली हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. पण ज्वारीचे ताट उठून शेजाऱ्याच्या शिवारात चालत जात नाही. मांगूर जातो. कल्ल्यांच्या वर त्याला झाडाच्या फांद्यांसारखा एक अवयव असतो, त्याने तो हवेतला श्वास घेतो. पुढच्या परांच्या काट्यांवर रेटा देत ओल्या जमिनीवरून सरकतो. मग ओढ्याला पूर आला म्हणजे काय होत असेल, तुम्हीच बघा.

आता हे हायब्रीड आले कुठून? थायलंडात १९८० च्या दशकाअखेरीस आफ्रिकन मांगुराचा नर आणि तिकडची देशी मादी यांचा संकर सुरू झाला. मासा भराभर वाढे, चवीलाही बरा, त्यामुळे तळीच तळी झाली. पुढे अभ्यासकांनी तपासले तेव्हा तिथल्या नैसर्गिक पाण्यातल्या देशी मांगुरात आफ्रिकन रक्त मिसळलेले निघाले. एकदा मिसळलेले रक्त वेगळे काढायला कुठली चाळणी आणणार? हाच आफ्रिकन मांगूर १९८९ मध्ये थायलंडातून बांगलादेशात आणि तिथून चोरट्या वाटेने आपल्याकडे आला. केंद्र सरकारने १९९७ मध्ये त्याच्या पालनावर बंदी घातली, नंतर राष्ट्रीय हरित लवादाने साठे नष्ट करण्याचे आदेश दिले. तरीही उजनीच्या काठाला चोरून केलेली तळी सापडलीच. कोंबड्यांची घाण खाऊन वाढणारा मासा, खर्च जवळपास नाही, मग लोभ सुटतो. आपला देशी मांगूर अर्धा किलोच्या पुढे क्वचितच जातो आणि हा वर्षाच्या आत किलोभर होतो, हे खरेच आहे. पण तो तळ्यातले इतर मासे, बेडकं, जे सापडेल ते खाऊन होतो.

त्या पोराचा दुसरा प्रश्न होता, पेटीत पिल्लं काढता येतील का? बाबा रे, हा मासा पेटीत आपसूक अंडी घालत नाही. देशी मांगूर पावसाच्या नव्या पाण्यात, उथळ काठाला अंडी घालतो. बंदिस्त जागेत मादीला संप्रेरकाचे इंजेक्शन द्यावे लागते. मादीचे पोट दाबून अंडी काढता येतात, नराचे मात्र तसे जमत नाही, त्याला कापूनच वृषण काढावे लागते. अंडी चिकट, २७-२८ अंश उबेला सुमारे एका दिवसात फुटतात, आणि तीन-चार दिवसांनी पोटातले बलक संपले की मोठे पिल्लू लहान्याला गिळू लागते. एवढा खटाटोप करायचाच तर देशी मांगुराचा करा. तो आज धोक्यात आलेल्या माशांत गणला जातो, आणि शेवाळलेल्या कमी पाण्यातही जगतो.

काचपेटीतून काय बाहेर पडते हे बघायला लांब जायला नको. काचेवरचे शेवाळ खातो म्हणून हौसेने आणलेला दक्षिण अमेरिकेचा सकर मासा आज उजनीच्या जाळ्यांत येतो. अंगावर हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत, परांना काटे. जाळे फाटते आणि मासा कुणी विकत घेत नाही. तो पाण्यात सोडणाऱ्याने भूतदयाच केली असणार, पण भुर्दंड मात्र मच्छीमाराला.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींना एक विनंती. गावतळ्याचा ठेका देताना करारात दोन ओळी घाला: आफ्रिकन किंवा संकरित मांगूर सोडणार नाही, आणि बीज कुठून आणले त्याची पावती पंचायतीत दाखल करीन. डोळ्यांनी पारख करू म्हणाल तर संकराची पिल्लं देशी पिल्लांसारखीच दिसतात, चांगले जाणकारही फसतात. म्हणून पावतीच धरा. आणि ज्यांच्या घरी असा मासा आहे आणि नकोसा झाला आहे, त्यांनी तो ओढ्यात, शेततळ्यात, विहिरीत सोडू नये. मारून खोल पुरावा. ऐकायला कठोर वाटते, पण दुसरा मार्ग नाही.

त्या वस्तीवरचे दोन्ही मांगूर अजून पेटीतच आहेत. झाकणावर वहिनींनी जुन्या जात्याची तळी ठेवली आहे.