दोन बाटल्यांचा प्रश्न

2025 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळाले. रोगप्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर सहसा का उलटत नाही, याचे उत्तर त्यांना नियामक टी-पेशींत सापडले. या शोधाचे कौतुक झाले, ते योग्यच. मला मात्र पुढचा प्रश्न विचारायचा आहे: ती शक्ती उलटलीच, तर आपल्याला ते वेळेत कळते का?

पेम्फिगसचे उदाहरण घ्या. या आजारात प्रतिपिंडे त्वचेच्या पेशींना एकमेकींशी सांधणाऱ्या डेस्मोग्लीन प्रथिनांवर हल्ला करतात. सांधे सुटतात आणि तोंडात, अंगावर फोड येतात. बुलस पेम्फिगॉइडमध्ये हाच हल्ला एक थर खाली, बाह्यत्वचेच्या तळपटलावर होतो. हे दोन आजार भिन्न असल्याचे वॉल्टर लेव्हर यांनी 1953 मध्ये दाखवले. पण काही रुग्णांत आजार अशा सीमा पाळत नाहीत. सेनिअर व अशर यांनी 1926 मध्ये वर्णिलेल्या प्रकारात पेम्फिगस आणि ल्यूपस या दोहोंच्या खुणा एकाच त्वचेत आढळतात. तेथे फोड बरे करून भागत नाही. ल्यूपस मूत्रपिंडापर्यंत पोहोचला आहे का, हेही पाहावे लागते.

हा गुंता नुसत्या डोळ्यांनी सुटत नाही. अड्यारच्या प्रयोगशाळेत मी ज्या फ्लुओरेसन्सवर काम करतो, तेच तत्त्व येथे उपयोगी पडते. त्वचेत अडकलेल्या प्रतिपिंडांना चमकणारे रंगद्रव्य जोडले की पेम्फिगसमध्ये पेशींभोवती जाळी उजळते, पेम्फिगॉइडमध्ये तळाशी सरळ रेघ. दोन्ही एकत्र दिसल्या, तर मिश्र आजाराचा संशय घ्यावा लागतो. ब्यूटनर आणि जॉर्डन यांनी पेम्फिगसच्या रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे याच मार्गाने 1964 मध्ये दाखवली. म्हणजे तंत्र नवे नाही.

अडचण बाटलीत आहे. नेहमीची बायोप्सी फॉर्मेलिनमध्ये ठेवतात. पण फॉर्मेलिनमुळे ही चाचणी निकामी होते. तिच्यासाठी फोडाशेजारच्या वरकरणी निरोगी त्वचेचा दुसरा तुकडा मिशेल द्रावणात ठेवावा लागतो. त्यात तो खोलीच्या तापमानाला अनेक दिवस टिकतो, म्हणजे गडचिरोलीहून नागपूर वा मुंबईला सहज पोहोचू शकतो. तुकडा दुसऱ्याच दिवशी पोहोचणार असेल, तर साधे सलाइनही चालते.

उपचारांत आपण मागे नाही. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पासरिचा यांनी 1980 च्या दशकात पेम्फिगससाठी डेक्सामेथासोन-सायक्लोफॉस्फमाइड पल्स पद्धत रुजवली. अमेरिकेत रिटुक्सिमॅबला पेम्फिगस व्हल्गॅरिससाठी 2018 मध्ये मान्यता मिळाली. त्याचे भारतीय रूप हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने 2007 मध्येच बाजारात आणले होते. परंतु ही औषधे प्रतिकारशक्ती दाबतात. क्षयरोग आणि हेपॅटायटिस बी सर्रास आढळणाऱ्या देशात ती अंदाजाने देणे धोक्याचे आहे.

‘इतक्या दुर्मीळ आजारांसाठी खर्च कशाला?’ हा आक्षेप मला मान्य नाही. हीच चाचणी ल्यूपस व रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या निदानातही उपयोगी पडते. प्रत्येक गावात महागडा सूक्ष्मदर्शक नको. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात दुसरी बाटली असावी आणि नमुना वाचणारी प्रादेशिक केंद्रे ठरलेली असावीत, एवढेच पुरे. नोबेलच्या विज्ञानाचा लाभ रुग्णापर्यंत पोहोचायचा, तर सुरुवात या बाटलीपासून करावी लागेल.