परभाषेची पहिली पायरी

परकी भाषा शिकू लागलेला मनुष्य कितीही विद्वान असो, पहिल्या दिवशी त्याला बालवर्गातच बसावे लागते. हा अनुभव मी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी घेतला. माझा मुलगा स्पेन देशातील माद्रिद शहरी राहतो. त्याच्याकडे काही महिने राहावयास गेलो असता मी स्पॅनिश शिकण्याचे ठरविले. आठ वर्षांची नात माझी गुरू झाली.

आरंभ कोठून करावा? पुष्कळ जण वस्तूंची नावे पाठ करू लागतात. माझे मत निराळे आहे. आरंभ अंकांपासून आणि क्रियापदांपासून करावा. दुकानातील पाव बोट दाखवूनही मागता येतो. परंतु दुकानदाराने सांगितलेली किंमत बोट दाखवून कळत नाही. तसेच ‘राहणे’, ‘बोलणे’ यांसारखी क्रियापदे आल्यावाचून स्वतःविषयी एक वाक्यही सांगता येत नाही.

स्पॅनिश अंक मोठ्याने म्हणून पाहा : ऊनो, दोस, त्रेस, क्वात्रो, थिंको, सेइस, सिएते, ओचो, नुएवे, दिएथ. ‘दोस’ ऐकताच आपले ‘दोन’ आठवते. ‘सिएते’ आणि ‘नुएवे’ यांत संस्कृतातील ‘सप्त’ आणि ‘नव’ डोकावतात. हा योगायोग नव्हे. स्पॅनिश ही लॅटिनपासून झालेली भाषा आहे. आणि संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचा उगम एकच असावा, असे सर विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्यात सांगितले होते. पुढील अभ्यासकांनी हे नाते सिद्ध केले. म्हणजे ही भाषा परकी खरी, पण दूरच्या नात्यातली!

अकरा ते पंधरा हे अंक पाठ करावे लागतात. पुढे वाट सोपी होते. ‘त्रेइन्ता’ म्हणजे तीस आणि ‘त्रेइन्ता इ ऊनो’ म्हणजे तीस आणि एक. आपले ‘एकतीस’, ‘एकोणचाळीस’ शिकताना माझ्या नातीला याहून अधिक कष्ट पडले.

क्रियापदांत तर मराठी आपल्या साहाय्यास धावून येते. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. ‘आब्लो’ म्हणजे मी बोलतो, ‘आब्लास’ म्हणजे तू बोलतोस, ‘आब्लामोस’ म्हणजे आम्ही बोलतो. शब्दाच्या शेवटावरून कर्ता कळतो. आपणही ‘काय बोलतोस?’ असे विचारताना ‘तू’ गाळतोच की! भेद इतकाच, की मी ‘बोलतो’ आणि नात ‘बोलते’; स्पॅनिशमध्ये मात्र आम्ही दोघेही ‘आब्लो’ असेच म्हणतो. ज्याला आपल्या भाषेचे व्याकरण नीट ठाऊक आहे, त्याला परभाषेचे व्याकरण फारसे भिववीत नाही.

एके दिवशी शेजारच्या आजीबाईंनी माझे वय विचारले. स्पॅनिशमध्ये ‘माझ्याजवळ इतकी वर्षे आहेत’ अशा अर्थाचे वाक्य बोलतात. ‘तेंगो’ म्हणजे ‘माझ्याजवळ आहे’, एवढे मला आठवले; परंतु ‘सेसेन्ता’ म्हणजे साठ म्हणण्याऐवजी मी ‘सेतेन्ता’ म्हणजे सत्तर म्हणालो.

“आजोबा, तुम्ही एका अक्षराने दहा वर्षांनी म्हातारे झालात!” नात हसत म्हणाली.

मीही हसलो, पण मनातून ओशाळलो. आजीबाईंनी ‘सेसेन्ता’ हा शब्द सावकाश उच्चारून दाखविला आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला. आमचे बोलणे चालू राहिले.

त्या रात्री मला माझा जुना वर्ग आठवला. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत गल्लत करणाऱ्या एका मुलाला मी बाकावर उभे केले होते. सारा वर्ग हसला. त्यानंतर त्या मुलाने वर्गात आपण होऊन कधी हात वर केला नाही. चूक मीही दाखविली होती आणि आजीबाईंनीही दाखविली. परंतु माझ्यामुळे एका मुलाचे बोलणे थांबले. नवशिक्याची जीभ किती जड होते, हे मला तेव्हा कळले नव्हते. ते कळण्यासाठी मला स्वतः नवशिका व्हावे लागले.

म्हणून माझे सांगणे असे आहे. कोणतीही भाषा शिका, पण सर्व व्याकरण पाठ होईपर्यंत मुके राहू नका. दहा अंक आणि दोनतीन क्रियापदे आली, की बोलू लागा. चूक झाली तर ती सुधारून घ्या आणि पुढे बोला. तुमच्या वर्गातही एखादा मुलगा परप्रांतातून येईल आणि मोडक्यातोडक्या मराठीत तुमच्याशी बोलू पाहील. तेव्हा त्याला हसू नका. योग्य शब्द त्याला सावकाश सांगा आणि लगेच पुढचा प्रश्न विचारा.