चाकाला ओरखडा, बाईला बोल

गाडीचं चाक फुटपाथच्या दगडाला घासलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘कोण चालवत होतं?’ नवरा चालवत असेल तर रस्ता वाईट आणि बायको चालवत असेल तर बायकोचं ड्रायव्हिंग वाईट! आमच्या महिला मंडळात आता बऱ्याच जणी गाडी चालवतात. अरुंद बोळातून गाडी काढायला त्या घाबरत नाहीत, घाबरतात या टोमण्यांना. मग ओरखडा दिसला की तो गुपचूप झाकायची घाई होते. माझा राग आहे तो या गुपचूपपणावर. घरी दुरुस्ती करण्यावर मुळीच नाही.

अ‍ॅलॉय चाकाची कड नुसती वरवर घासली असेल तर ते काम आपल्याला सहज जमतं. दिवाळीला कुंड्या आणि खिडकीचे गज आपणच रंगवतो ना! चाक साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडं करा. बाथरूमचं अ‍ॅसिड मात्र चुकूनही लावू नका, ते अ‍ॅल्युमिनियमला खातं. टायर आणि चाकाच्या मधल्या फटीत पत्त्यांच्या जुन्या कॅटमधली पानं खोचली की टायरला रंग लागत नाही. आतल्या ब्रेकवर वर्तमानपत्र झाका. मग पॉलिश पेपर फिरवायचा, आधी 320 नंबरचा, नंतर पाणी लावून 600 चा. खळगा खोल असेल तर मधे गाडीच्या रंगकामाची पुट्टी भरून घासायची. धूळ काढून स्पिरिटनं पुसलं की आधी प्रायमर, मग रंग, शेवटी क्लिअर लॅकर. सगळे हात पातळ आणि दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. इथे घाई केली की ओघळ आलेच! काम अंगणात करायचं, नाकाला मास्क लावून. पावसाळ्यात तर नकोच, दमट हवेत रंग पांढुरका पडतो. नट बसतात तिथे रंग अजिबात नको, त्या थरामुळे नट पुढे सैल पडू शकतात.

काही चाकांची चकाकी लेथवर कापून आणलेली असते. त्यांना घरी हात लावू नये, घासल्यावर ती चकाकी परत येत नाही.

पण खरा धोका वेगळाच आहे. कडेवरून बोट फिरवताना बारीक चीर लागली, कड वाकलेली दिसली, हवा चार दिवसांत उतरू लागली किंवा वेगात स्टिअरिंग थरथरलं, तर पुट्टीचा डबा बाजूला ठेवा. वरून रंगवलेली चीर कुणालाच दिसत नाही आणि त्याच चाकावर आपण मुलांना शाळेत सोडतो. चीर कित्येकदा चाकाच्या आतल्या बाजूला असते, बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून गॅरेजमध्ये ‘चाक उतरवून आतून दाखवा’ असं स्पष्ट सांगायचं. ‘मॅडम, साहेबांना पाठवा’ म्हणाला तरी तिथून हलायचं नाही. गाडी आपण चालवतो, तर चाकही आपणच बघणार.

आणि घरी? जे घासलंय ते त्याच दिवशी सांगून टाका. टोमणा आलाच, तर पत्त्यांचा कॅट त्यांच्या हातात द्या आणि टायरभोवती पानं खोचायला बसवा!